चाळीस मिनिटांचा थांबा

माळ्यावरनं बॅग काढ, श्रेणिक म्हणाला,
तीच, निळी, हनिमूनची.
आयर्विन पुलाला अडतीस फूट झालं होतं
आणि दुकानाच्या खालच्या दोन फळ्या
नऊच्या आत रिकाम्या करायच्या होत्या.

बॅगेच्या कानाला म्युनिकची चिठ्ठी अजून लटकत होती.
आत एक मोजा, हॉटेलचा साबण
आणि कोपऱ्यात भडंगाचे चार दाणे.
सासूबाईंनी दीड किलो दिलं होतं,
बिनलसणाचं.

जूनमध्ये गेलो होतो. अकरा जोडपी, एक बस,
आणि माइक न सोडणारे दामले
जे आम्हा सगळ्यांना सरसकट लव्हबर्ड्स म्हणायचे.
तिकडे साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही म्हटल्यावर
सासूबाई फोनवर केवढ्या खूश:
म्हणजे दिवस बुडायच्या आत जेवायची घाईच नाही की गं!

घाई कशाचीच नव्हती.
लग्नाला बारा दिवस झालेले, आणि आमचं बोलणं
पासपोर्ट घेतलास का, थंडी वाजतेय का,
इथवर येऊन थांबायचं.
प्रत्येक फोटोत आम्ही
मध्ये एक माणूस मावेल इतके.

पासाऊ नावाचं गाव. तीन नद्या.
चाळीस मिनिटं, दामले म्हणाले, फोटो काढून घ्या.
सगळे पुलाकडे गेले.
हा नगरपालिकेच्या भिंतीपाशीच थबकला.
भिंतीवर रेघा. रेघेशेजारी सालं.
पंधराशे एक. एकोणीसशे चौपन्न.
दोन हजार तेरा, पार डोक्याच्या वर.
आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.
त्यानं हात पोचेल त्या रेघेवर बोटं टेकवली
आणि बोलायला लागला.

एकोणीस साली सत्तावन्न फूट.
दुकानात साडेसात.
तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनचा सगळा माल.
पाणी उतरल्यावर गठ्ठे उघडले तर
चि. आणि चि. सौ. कां. एकमेकांत विरघळलेले,
सोनेरी वेलबुट्टी बोटांना लागत होती.
बाबा तीन दिवस फावड्यानं
लोकांची नावं उपसत होते.
हे कुणाला सांगितलं नाही, म्हणाला.
सांगलीत सांगणार कुणाला?
सगळ्यांच्याच घरात आलं होतं.

मी जतची.
आमच्याकडे पाण्याची खूण भिंतीवर नसते,
आडात, खाली खाली जाते.
मी सांगितलं, आमचे अण्णा दोराला गाठी मारायचे,
दर उन्हाळ्याला एक जास्तीची.
किती झाल्या, त्यानं विचारलं.
शेवटी दोरच संपला, मी म्हणाले.
आणि आम्ही हसत सुटलो,
त्या परक्या भिंतीसमोर, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
हसण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी.

बस आमच्यासाठी खोळंबली होती.
लव्हबर्ड्स हरवले होते! दामले माइकवरून ओरडले,
वीस जणांनी टाळ्या वाजवल्या.
त्यांना वाटलं ते वाटू दिलं.
भिंतीचा फोटो काढायचा राहूनच गेला.

आता त्या बॅगेत एका खेपेला चारशे पत्रिका मावतात.
तिथल्या दगडी रस्त्यानं तिरकं झालेलं चाक
जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कुरकुरतं.
दुकानाच्या भिंतीला तीनदा रंग दिला,
तरी ती रेघ वर येतेच, पिवळट,
स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही तिथं.
मागच्या महिन्यात चढले आणि मार्करनं
शेजारी साल लिहून टाकलं.
सासरे बघून गेले. काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी साल तसंच होतं.

एकोणचाळीस, तो मोबाइल बघून म्हणतो.
अजून सहा-सात खेपा आहेत.
पण इथं सातला दिवस बुडतो,
म्हणून मी डबा उघडते: आधी जेवून घेऊ.
तो हात पुसत जिन्यात येऊन बसतो.
पायरी तशी एकाच माणसाची आहे.